आप्पांनी चिलीम ओढली नव्हती

स्लाइडवर गडद तपकिरी रंग चढला होता. एवढा गडद की मी मायक्रोस्कोप सोडून तसाच बाहेर काउंटरवर गेलो. बाकावर दगाआप्पा पाटील बसले होते. शेजारी त्यांच्याच गावचे, सारंगखेड्याचे, तिघे.

आप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, पण सौम्य. ऑपरेशन न करता ठरावीक काळाने PSA ही रक्ततपासणी करायची आणि लक्ष ठेवायचं, असं सर्जनने ठरवलं होतं. तपासणी नंदुरबारला माझ्या लॅबमध्ये होई. त्यांच्या बायोप्सीचा तुकडा एका मेडिकल कॉलेजने अभ्यासासाठी घेतला होता. स्लाइड रंगवून माझं मत विचारायला पाठवली होती. तपकिरी रंग म्हणजे कॅनाबिनॉइड रिसेप्टर.

रिसेप्टर हे पेशीवरचं कुलूप समजा. त्याची किल्ली शरीर स्वतःच बनवतं. गांजातलं द्रव्यही त्याला किल्लीसारखं बसतं, म्हणून नाव गांजावरून पडलं. ज्याने गांजा कधी पाहिलाही नाही त्याच्याही शरीरात हे असतं. प्रोस्टेटच्या गाठीत ते जास्त असेल तर आजार पुढे बळावू शकतो, असं काही संशोधकांना दिसलं होतं. पक्कं नव्हतं. म्हणून निकाल पेशंटला सांगायचा नाही, असा अभ्यासाचा नियम होता.

मला आप्पांना एवढंच सांगायचं होतं की तपासणी चुकवू नका. घाबरू नयेत म्हणून थट्टेने सुरुवात केली.

"काय आप्पा, गांजाना रिसेप्टर निंघनात तुमनामा! जत्रामा साधूस्नी चिलीम वढी का काय?"

बाक हसला. मीही हसलो.

आप्पा म्हणाले, "मी तंबाखूले बी हात लावत नही, डॉक्टर."

"तरीच आप्पा दरसाल साधूसले जेवाले घालतस!" बाकावरचा एक जण म्हणाला.

दत्ताच्या यात्रेत साधूंची पंगत आप्पा घालत. ते खरंच होतं, म्हणून थट्टा चिकटली. पुढच्या तपासणीला आप्पा आले नाहीत. मी त्यांच्या मुलाला, संजूला, फोन केला.

"येत नही म्हणतस. गावमा पोरे 'गांजेकस' म्हणतस त्यासले. मंदिरमा जानं बी सोडी दिनं."

"मी येऊन सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्रोफेसरांचा फोन आला. "निकाल पेशंटला सांगितला नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

आता गावात जाऊन खुलासा केला असता, तर हे खोटं उघडं पडलं असतं. मी गेलो नाही. संजूला पुन्हा फोनही केला नाही.

वर्ष उलटल्यावर संजू आप्पांना गाडीतून घेऊन आला. पाठ इतकी दुखत होती की उतरवता येईना. मी गाडीपाशी जाऊन रक्त घेतलं. PSA भयंकर वाढला होता. कॅन्सर मणक्यात उतरला होता. वेळेवर आले असते तर वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. निदान उपचार वेळेवर सुरू झाले असते.

आप्पांनी रिपोर्ट विचारला नाही. म्हणाले, "डॉक्टर, गावमा सांगशात म्हने तुमी. कव्हय येतस?"

"येतो," मी म्हणालो.

मी सारंगखेड्याला गेलो तो थेट त्यांच्या दहाव्याला. तिथेही, तापीकाठी सगळं गाव जमलेलं असताना, तोंड उघडलं नाही.

लॅब बंद करून आता बराच काळ झाला. हे नावानिशी लिहू का, असं मी संजूला विचारलं.

"लिखा," तो म्हणाला. "पन आप्पाले आते कोन वाची दाखाडी?"

दगाआप्पा पाटलांनी गांजा कधीच ओढला नव्हता. निकाल बंद दाराआड सांगावा, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच दुरुस्त करावी, हे कोणी शिकवत नाही. आणि दुरुस्ती माणूस जिवंत असतानाच करावी, हेही नाही.