भिंतीपलीकडची टाळी

बालवाडीच्या बाईंचा आवाज इतका खणखणीत, की पालक पाठीमागे त्यांना 'भोंगा' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. त्या वर्षी त्यांनी डोळ्यांनी दिसत नसलेल्या एका मुलीला वर्गात घेतलं. घरात तिला चिमणी म्हणत. तिला चाचपून जागा कळावी म्हणून बाईंनी चटयांच्या कडेला जाड दोरी शिवली.

एकदा टाळ्यांचं गाणं संपलं, तशी चिमणी म्हणाली, "बाई, ती मागे राहिली."

"कोण गं?"

चिमणीने भिंतीकडे बोट केलं. तिथे कुणीच नव्हतं. पलीकडे शिंप्याचं घर. नवराबायको दोघंच राहतात, असं सगळी गल्ली म्हणायची.

रोज तेच होऊ लागलं. हळूहळू बाकीची मुलंही गाणं संपल्यावर थांबायला लागली, कान देऊन. भिंतीजवळची चटई रिकामी ठेवायला लागली.

एके दुपारी मुलं घरी गेल्यावर बाईंनी भिंतीला कान लावला आणि हलकेच टाळी वाजवली. जमिनीलगत, कुणी निजून थोपटावं तसा आवाज आला. त्यांनी दोन वाजवल्या. पलीकडूनही दोन.

बाई तडक शिंप्याच्या घरी गेल्या. शिंपीणबाई दार अडवून उभी राहिली. "उंदीर असतील."

"उंदीर टाळ्या मोजत नाहीत, वहिनी."

आतलं मशीन थांबलं. "येऊ दे त्यांना," शिंपी म्हणाला.

पडद्यामागे चिंध्यांच्या गादीवर एक मुलगी पडून होती. काडीसारखे पाय, मान डळमळती. तळहात भिंतीला टेकलेला. तिथला रंग घासून गेलेला.

"एका शाळेने दारातूनच परत पाठवलं," शिंपी म्हणाला. "मग बाहेर काढलीच नाही."

"माझ्या शाळेने नाही पाठवलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

शिंप्याने खुर्चीला मऊ पट्टे शिवले. पोरगी वर्गात आली तेव्हा 'ही कोण' असं एकाही मुलाने विचारलं नाही. चिमणीने तिचा चेहरा चाचपला. "अगं, तू तर मोठी आहेस!" पोरगी खळखळून हसली.

शिंपीणबाई मात्र दारातून हलेना. "घर खायला उठतं हो आता," ती म्हणाली.

"मग या आत," बाई म्हणाल्या. "खाऊ भरवायला मला दोन हात कमीच पडतात."