नळी वळेपर्यंत

नयना गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. प्राचार्यांनी मेसेज टाकला होता, खाली जोडलेल्या हातांची रांग. पाच मिनिटांत चाळीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' चिकटवली आणि सहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारलं, इंटर्नलचे मार्क भरायची शेवटची तारीख आज की उद्या? मी फोन पलंगावर फेकला. त्याला आता दीड महिना झाला, पण राग काही उतरलेला नाही. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं तेवढं आठवावं म्हणतात. मला चांगलंच आठवतंय, म्हणून तर संताप होतोय.

घाटकोपरच्या एकाच कॉलेजात आम्ही वीस वर्षं शिकवलं, ती वनस्पतिशास्त्र आणि मी रसायनशास्त्र. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकायची, त्यामुळे घरात सगळ्यांनाच पहाटे उठायची सवय. "आमच्यात सहाला उठलं ना, तर बरं नाही का विचारतात," असं ती सांगायची. तिच्या खिडकीत टोरेनियाच्या सहा कुंड्या होत्या. कुठल्याही नर्सरीत मिळणारं हे जांभळं, टीचभर फूल. बाकीच्या फुलांत बीजांडाच्या आत काय चाललंय ते आवरणाखाली झाकलेलं असतं, पण या झाडात अंडपेशी आणि तिच्या शेजारच्या पेशी ज्या कोषात असतात तो बीजांडाबाहेर डोकावतो. आमच्या कॉलेजातल्या जुन्या मायक्रोस्कोपखालीही तो दिसायचा. दर गुरुवारी पहाटे चारला नयना फुलाच्या कुक्षीवर पराग टेकवायची, खालचा दांडा म्हणजे कुक्षीवृंत ब्लेडने कापायची, तो अगारच्या, म्हणजे पारदर्शक जेलीच्या बशीत ठेवून जवळ बीजांडं मांडायची आणि ती बशी स्टीलच्या डब्यात घालून पहिल्या मेट्रोने घाटकोपरला यायची.

दुपारी दोनला प्रॅक्टिकल सुरू व्हायचं. तोवर परागकणांतून फुटलेल्या नळ्या दांड्याच्या कापलेल्या टोकातून बाहेर आलेल्या असायच्या. जरा वेळ त्या इकडेतिकडे भटकायच्या... आणि मग त्यातली एखादी एकदम वळून थेट बीजांडाकडे निघायची. अंडपेशीशेजारच्या दोन पेशी एक बारीकसं प्रथिन बाहेर सोडतात आणि नळीला ते ओळखू येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. "डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू नाही, तरी पत्ता चुकत नाही बघ," ती दरवेळी नव्याने म्हणायची. आणि त्याहून तिचं लाडकं म्हणजे, तोच पराग दांडा वगळून थेट अगारवर रुजवला तर नळी छान वाढते, पण बीजांडाच्या बाजूने खुशाल निघून जाते. "आधी दांड्यातून जावं लागतं गं. त्याशिवाय तिला ऐकूच येत नाही."

मला ती दर आठवड्याला बोलवायची. "चल ना, आज बघच." मी म्हणायची, पुढच्या गुरुवारी नक्की. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी कुठली मीटिंग, कधी नुसताच कंटाळा. वीस वर्षांत मी एकदाही गेले नाही. हे लिहिताना माझीच मला चीड येते.

तीन वर्षांपूर्वी नव्या कोर्सेससाठी प्रयोगशाळांची जागा हवी होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं, तीन तासांचं प्रॅक्टिकल पन्नास मिनिटांचं करा, जे बसत नाही त्याचा व्हिडिओ दाखवा. टाइमटेबल कमिटीची प्रमुख मी होते. मी सही केली. नयना तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सुजाता, ही सही तुझी?"

"अगं, सगळ्यांचेच तास कापलेत. आणि व्हिडिओत उलट जास्त स्पष्ट दिसतं ना."

"व्हिडिओत ती वळणार हे आधीच माहीत असतं यार. बशीत माहीत नसतं. कधी कधी नाहीच वळत. पोरांनी ते पण बघायला पाहिजे!"

 ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी नेहमीसारखे तळलेले बोंबील घेऊन आली. तिचं भांडण माझ्याशी नव्हतंच. तिने अर्ज केले, वरपर्यंत पत्रं लिहिली. शनिवारी मी फुकट थांबते म्हणाली, तर प्रयोगशाळेची किल्ली ऑफिसात जमा करायला लावली. तिच्या गोपनीय अहवालात 'हट्टी स्वभाव' असा शेरा आला. तो तिने मला हसत हसत वाचून दाखवला, आणि मीही हसले.

मग तिचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचं दुखणं निघालं. दोन महिने तिने कुणाला सांगितलं नाही, आणि याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. अंधेरीच्या हॉस्पिटलात मी शेवटची भेटले तेव्हा ती पार वाळली होती. आवाज मात्र तोच.

"नवं टाइमटेबल लागलं?"

"लागलं," मी म्हटलं. "गुरुवार, दोन ते पाच. तुझं प्रॅक्टिकल परत लावलंय."

धादांत खोटं. असलं काहीही झालं नव्हतं. तिने डोळे मिटले. "थापा मारत असशील ना, तर वाट लागेल तुझी," म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. चार दिवसांनी ती गेली. माझी थाप खरी मानून गेली, की ओळखून गेली, कोण जाणे.

शोकसभेत प्राचार्य उभे राहिले. म्हणाले, "फुलात एक पेशी असते, ती स्वतःचं बलिदान देते आणि नवं जीवन घडवते. नयना मॅडम तशाच होत्या." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या पेशीबद्दल, म्हणजे प्रथिन सोडणाऱ्या त्या दोघींपैकी एकीबद्दल, हा माणूस बोलत होता तिच्याविषयी कुणी उत्तरपत्रिकेत 'त्याग' लिहिलं, तर नयना अर्धा मार्क कापायची. मला ती म्हणायची, "नळी येऊन भिडते, त्या पेशीत तुझं ते कॅल्शियम वाढतं आणि ती फुटते. त्यात रडण्यासारखं काय आहे?" नयनाने कसलंही बलिदान दिलं नाही. तिला तीन तास हवे होते, ते तुम्ही काढून घेतलेत आणि त्या कागदावर सही मी केली.

दुसऱ्या दिवशी मी नवं टाइमटेबल घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. गुरुवार, दोन ते पाच. "मॅडम, व्हिडिओ आहे ना आपल्याकडे," ते म्हणाले. माझा आवाज बाहेर ऑफिसपर्यंत गेला म्हणे. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण कालच्या भाषणाचा अर्धा मार्क कापलाय, हे नक्की सांगितलं. त्यांनी सही केली. पटलं म्हणून नाही, मी उठेना म्हणून.

वर्सोव्याला जाऊन तिच्या वहिनीकडून कुंड्या आणल्या. तिच्याच विभागात नवी लागलेली प्रिया पहाटे उठून बशी तयार करते. पहिल्या गुरुवारी नळ्या बाहेर आल्या, पण एकही वळली नाही. पाच वाजता पोरं जांभया देत गेली. जाता जाता प्राचार्यांनी दारातून विचारलं, "काय, वळली का?" नाही वळली, मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी पुन्हा.

दुसऱ्या गुरुवारी पावणेपाचला ऑफिसमधून माणूस आला. खोली नव्या कोर्सला हवीय, रिकामी करा, किल्ली द्या. मी दारात त्याच्याशी हुज्जत घालत होते आणि आतून एक मुलगी ओरडली, "वळली! मॅडम, वळली ना!" मी धावले. पोरांनी वाट करून दिली. पण सगळे आळीपाळीने बघत होते, माझा डोळा टेकेपर्यंत नळी आत शिरून फुटली होती, अंडपेशीशेजारची पेशी गढूळ झाली होती. वळताना मला दिसलीच नाही. ती मुलगी हिरमुसली. "मी दाखवते ना मॅडम, कशी वळली," म्हणत तिने माझा हात ओढला आणि पेनाने तळव्यावर रेघ काढली. सरळ, सरळ, आणि मग एकदम डावीकडे.

किल्ली मी अजून दिलेली नाही. ज्याला गुरुवार खोडायचा असेल त्याने यावं, आधी तीन तास त्या स्टुलावर बसावं आणि मग पेन काढावं.