वेबसाइटचा धवला

त्या पोराचं वाटोळं व्हावं, असं त्या वर्षी मी रोज म्हणत होते. मनातल्या मनात नाही, खांदेश्वरच्या माझ्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता, मोठ्याने.

माझी आई जासईची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पुढे प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिनं म्हटल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. हा पोरगा उरणकडचाच, ऑनलाइन विनोद करून नाव कमावलेला. एका हळदीत त्यानं आईचा व्हिडिओ काढला. वरच्या सुरात तिचा आवाज चिरकला तेवढाच तुकडा कापला आणि त्याला डीजेचा ठेका लावून ऑनलाइन टाकला. पुढच्या हळदीत आईनं तोंड उघडलं, तर मांडवातली पोरं तशीच चिरकली. आई उठून घरी आली. त्यानंतर बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणून सांगायची. घरातसुद्धा गुणगुणायची बंद झाली.

मी त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. त्याची वेबसाइट सुरू व्हायची होती, तिची वाट बघत सगळे बसले होते. रिकामटेकडेच ते, वेळ घालवायला आयरनी म्हणजे काय यावर भांडत होते. उदाहरणाला माझी आई.

"तो बाईला हसतच नाहीये भाई. बाईला हसणाऱ्यांना हसतोय. हीच तर आयरनी."

"चल रे, ह्याला उपरोध म्हणतात."

"उपरोध बोलणाऱ्याला माहीत असतो. इथे बाईला काय माहीतच नाय, म्हणून आयरनी."

मी लिहिलं, "त्या बाईंना विचारलं का कुणी?"

"टेन्शन नका घेऊ काकू, हे तुमच्यासाठी नाहीये." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकेकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

मग त्याचाच फोन आला. वाशीच्या हॉलमध्ये वेबसाइटचा कार्यक्रम आहे, मावशींनी येऊन धवला म्हणावा, चाहत्यांना सरप्राइज. शिवी ओठांवर आली होती, ती गिळून मी "आणते" म्हणाले. त्याची आई उरणच्या बाजारात मासळी विकते, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम तिच्याकडे जाऊन बोंबील घेतले आणि विचारलं, वाशीला येणार ना? "वाशीला? कशाला गो?" ती म्हणाली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

धवल्यात आधी देवाला बोलावतात, मग ज्याचं कार्य असेल त्याच्या आईला. ती येऊन बसेपर्यंत माझी आई पुढची ओळ घेत नाही. तिला मी एवढंच सांगितलं, "त्याची आई येणार नाहीये. तू रीतीनं म्हण, आणि अडलं की माइक ठेवून खाली उतर."

"पोरां हसतीन," ती म्हणाली.

"हसू देत. मला त्याचं तोंड बघायचंय."

हॉलमध्ये वेबसाइट काही केल्या उघडेना. वेळ मारून न्यायला त्यानं आईला वर घेतलं. पहिल्याच सुराला पोरं चिरकली. तरी आईनं देवाला बोलावलं आणि मग त्याच्या आईला. कुणी उठलं नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा. माझ्या मागचा एक जण शेजाऱ्याला समजावत होता, "बघ, ही खरी आयरनी."

"मावशी, पुढे घ्या ना," तो पोरगा म्हणाला.

"तुजे आयशीला बोलव. ती आल्याबिगर पुढं जात नाय."

"तिला बरं नाहीये."

"मंग फोन लाव."

सगळ्यांचे मोबाइल आता त्याच्यावर रोखलेले. त्याच्या कपाळावर घाम आला, तो मी डोळे भरून पाहिला. शेवटी त्यानं फोन लावला. आईनं तो त्याच्या हातातून घेऊन माइकपाशी धरला.

"काय रं बाला? गिऱ्हाईक हाय, लवकर बोल," बाजाराच्या गलक्यातून त्याच्या आईचा आवाज आला. तो कार्यक्रमाबद्दल काहीतरी पुटपुटला. "कार्यक्रम? कंचा कार्यक्रम?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आता आई खाली उतरेल आणि याची पुरती नाचक्की होईल, म्हणून मी खुर्चीच्या टोकाला आले. पण आई फोनशी बोलायला लागली. "मी जासईची धवलारीन. तुजे पोराचं कार्य हाय. बस जरा, आयक."

आणि तिनं अख्खा धवला म्हटला. वर जाताना आवाज चिरकला, तिनं तो तसाच पुढे नेला. पोरगा बाजूला मान खाली घालून उभा होता. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही. फोनमधली बाई मध्येच हुंदके द्यायला लागली. माझी आई गायची थांबली नाही.