लांडग्याचं बिऱ्हाड

भिलाईत पोलाद कारखान्याचं बांधकाम चालू होतं, त्या काळात लष्करातल्या आमच्या इंजिनिअर सेक्शनला तिथे टेम्पररी ड्यूटी लागली. कोहका गावाजवळ पाण्याच्या पाइपलाइनच्या वाटेत खडक होता. तो सुरुंगाने फोडायचा, एवढंच काम. सकाळी ड्रिलिंग, दुपारी ब्लास्टिंग, संध्याकाळी हत्यारांची सफाई.

सेक्शन कमांडर हवालदार लांडगे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या आडनावावरून आमच्या तंबूला सगळे लांडग्याचं बिऱ्हाड म्हणत. तंबूत चौघे होतो: लांडगे, नाईक हुद्द्याचा मी, सॅपर म्हणजे साधा जवान बिसेन आणि सर्वांत नवा सॅपर मेश्राम.

एका सुट्टीच्या दिवशी कोहक्याच्या बाजारात देवार जमातीची एक बाई, देवारीण, गोंदायला बसली होती. लांडग्यांनी तिला लांडग्याचं कुटुंब काढायला सांगितलं. प्रत्येकाच्या मनगटावर एकेक प्राणी. हात ओळीने ठेवले की बिऱ्हाड पूर्ण. त्यांना स्वतःला नर हवा होता. पण ते पहिले बसले, आणि देवारीण ओळ पुढून सुरू करायची. सर्वांत पुढे पिल्लू, ते त्यांच्या मनगटावर आलं. लक्षात येईपर्यंत सुई फिरून झाली होती. बिसेनला मोठं पोर मिळालं, मला मादी. शेवटचा नर मेश्रामच्या वाट्याला आला.

पिल्लू पुढे का, असं बिसेनने विचारलं.

“पिला आघू रेंगथे, तभे नजर मं रहिथे,” ती म्हणाली. पिल्लू पुढे चाललं तरच मोठ्यांच्या नजरेत राहतं.

त्यानंतर मेश्राम चहा देताना म्हणायचा, “घ्या, पिल्लू उस्ताद.” लांडगे चहा घेत आणि पीटीला त्याला एक फेरी जास्त पळवत.

एका दुपारी सुरुंगाच्या चारपैकी तीनच चार्ज फुटले. चौथा मेश्रामने लावला होता. मी वायरलेसवर कळवलं.

“एक मिसफायर. ओव्हर.”

“वेट पूर्ण करा. मग एकच माणूस पुढे. ओव्हर,” पलीकडून हुकूम आला.

ज्याने चार्ज लावला त्यानेच तो बघायला जायचं, असा आमच्या सेक्शनचा नियम होता. थांबायची ठरलेली वेळ संपल्यावर मेश्राम उठला. हेल्मेटचा पट्टा त्याला लावता येत नव्हता. लांडग्यांनी खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

“उस्ताद, चार्ज माह्या हातचा हाय.”

“असन. पिल्लू कोन हाय?”

लांडग्यांनी बाही वर सारली.

“पिल्लू पुढं जाते. तू मागं बस.”

ते आडोशातून बाहेर पडले आणि नेहमीच्या चालीने गेले. आम्ही तिघे बघत होतो. ते खडकाजवळ वाकले तेव्हा चार्ज फुटला.

“वन कॅज्युअल्टी,” मी कळवलं. “सेक्शन कमांडर. ओव्हर.”

पलीकडून नाव विचारलं गेलं. मी सांगितलं.

पाइपलाइन पुढे गेली. नोकरी संपल्यावर मेश्राम भिलाईतच राहिला. वर्षातून एकदा बिसेन आणि मी त्याच्या घरी जातो. तिघे टेबलावर हात ओळीने ठेवतो: नर, मादी, पोर. बिसेनच्या हातापुढे एका मनगटाची जागा मोकळी सोडतो.

मागच्या खेपेला मेश्रामची बायको त्या जागेवर चहाचा ट्रे ठेवायला आली.

“तिथं नोको ठेवू,” मेश्राम म्हणाला. “उस्ताद दिसाले पायजे.”