आऱ्यावरची तांबडी चिंधी

गावची शाळा सातवीला संपली आणि मी हट्टाला पेटले. पुढची शाळा पलूसला. लढाईवरून नुकतेच परतलेले आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच बोलले, "तीन मैलांच्या आत असंल तर जा. त्येच्या म्होरं पोरीला एकटी धाडायचो न्हाई." पलटणीतला माणूस, दिलेला शब्द फिरवायचा नाही. गावात विचारावं तर कुणी दीड कोस म्हणजे तीन मैल सांगे, कुणी दोन. असल्या अंदाजावर माझी शाळा बुडू द्यायला मी तयार नव्हते.

आमच्या बैलगाडीच्या चाकांना नवी लोखंडी धाव चढवली होती. मी चाकाचा व्यास मोजला, छप्पन्न इंच. बावीस सप्तमांशानं गुणल्यावर परीघ आला एकशे शहात्तर इंच. म्हणजे मैलाला बरोबर तीनशे साठ फेरे आणि तीन मैलांना एक हजार ऐंशी. एका आऱ्याला तांबडी चिंधी बांधली आणि पलूसच्या बाजाराच्या दिवशी आबांशेजारी गाडीत बसले. चिंधी खाली गेली की एक. शंभर झाले की एक चिंचोका ओच्यात. वाटेत कुणी हाक मारली तरी मी ओ दिली नाही.

शाळेच्या फाटकाशी आकडा झाला अकराशे सोळा. छत्तीस फेरे जास्त! मला रडू फुटलं, तेही रागाचं. पण खोटा आकडा सांगणं काही जमेना. आबांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, आणि बाजार उरकून बैल गावाकडे वळवले.

अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवी धाव चढली की गाडी आधी मारुतीच्या देवळाभोवती पाच वेळा फिरवायची, ही आमच्या गावची रीत. सकाळी तशी फिरवली होती, आणि मी शहाणी तेही मोजत बसले होते!

"आबा, मारुतीच्या प्रदक्षिणा शाळेच्या वाटंत धरायच्या व्हय?" मी जवळजवळ ओरडलेच. त्या पाच प्रदक्षिणांत चाकाचे छत्तीस फेरे भरले, तरी माझी शाळा पक्की होती. आबांनी नुसते बैल पुढे हाकले. मला वाटलं, संपलं सगळं.

गाव आलं. दमलेले बैल आपणहून घराकडे वळू लागले. आबांनी कासरा ओढला आणि गाडी देवळाकडे घातली. पुन्हा पाच प्रदक्षिणा. मी डोळे चिंधीवर रोखून, ओठ घट्ट मिटून बसले. पाचवी पुरी झाली. मी तोंड उघडणार, तोच समोर बघत आबा म्हणाले,

"एकेचाळीस. मी बी मोजत हुतो."