चौऱ्याऐंशीची चिठ्ठी

माल्टातल्या एका गावात, खालच्या बँड क्लबात, विटोरिना चहा करायला लागली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिथल्या स्वयंपाकघराला एक चौकोनी खिडकी आहे. त्या खिडकीतून ती ग्लासातला चहा आणि पास्तिझ्झी, म्हणजे रिकोटा चीज भरलेले गरम पफ, बाहेर सरकवते, आणि बाहेरचं बोलणं आत घेते. गावात कोणाचा गुडघा बदलला, कोणाच्या सुनेचं कोणाशी पटत नाही, सगळं तिला ठाऊक. स्वतः मात्र ती मोजकंच बोलते, म्हणून लोकांना वाटतं हिला म्हणायचंच काही नसेल. हा समज साफ चुकीचा होता, पण तो खोडून काढायची तसदी तिने कधी घेतली नाही.

मे महिना लागला की क्लबात एकच विषय असतो, युरोपची गाण्यांची स्पर्धा. माल्टा एवढासा देश. दोनदा दुसरा आला, दोनदा तिसरा आला, पहिला कधीच आला नाही, आणि हे दुःख गावातल्या प्रत्येकाने घरच्या दुखण्यासारखं जपलेलं आहे. यंदाचं गाणं जाहीर झाल्यापासून तर कोणाला चैन नव्हतं. निवृत्त बसचालक झारेनचं म्हणणं, गाणं इंग्रजीत, नाच स्वीडनवाल्यांसारखा, कपडे कोणाचे ते देवाला माहीत. यात आपलं काय आहे? त्यावर क्लबाचा सेक्रेटरी विस्तिन शांतपणे सांगायचा, की सुरुवातीला आपल्या भाषेत गाऊन पाहिलंच होतं, दोन वर्षं लागोपाठ, आणि दोन्ही वर्षं आपण शेवटचे आलो. झारेन म्हणायचा, शेवटचं यायचं तर निदान आपल्या आईच्या भाषेत तरी यावं. इथे आवाज चढायचे, आणि विटोरिना न विचारता आणखी चार ग्लास भरायची.

विस्तिन आयुष्यभर कस्टमच्या कचेरीत होता. नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. पंचाहत्तर सालानंतर पंधरा वर्षं माल्टा स्पर्धेला गेलाच नव्हता, ती वर्षं त्याला भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांसारखी खुपायची. म्हणून त्याने एक प्रथा काढली. अंतिम फेरीच्या आधीच्या रविवारी, दहाची प्रार्थना आटोपल्यावर, बँडच्या जुन्या टोपीतून एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर त्या पंधरांपैकी जे साल असेल, त्या साली आपण गेलो असतो तर कोणतं गाणं पाठवलं असतं, ते ठरवायचं. दरवर्षी एकच साल, उरलेल्या चिठ्ठ्या टोपीत तशाच.

नियम त्याने खऱ्या स्पर्धेवरून घेतले. तिथे जसं स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, तसं इथे स्वतःच्या क्लबाच्या माणसाला मत देता येणार नाही, नावही सुचवता येणार नाही. परदेशी परीक्षक हवेत, म्हणून वरच्या क्लबाचे तिघे बोलवायचे. आता वरचा आणि खालचा क्लब म्हणजे काय हे गावाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सणाच्या मिरवणुकीत कोणाचा बँड पुढे, यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या लग्नाला पाठ दाखवलेली आहे. पण परीक्षक म्हटल्यावर वरच्या क्लबाचे तिघे आले, आणि दरवर्षी येत राहिले. परदेशी पाहुण्यांना शोभेल असे ताठ बसून ते चहा पीत. त्यातला एक लिप्पू.

लिप्पू गवंडी होता आणि वरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या चहात विटोरिना पहिल्या वर्षापासून एक चमचा साखर जास्त घालत आली होती. त्याला मधुमेह झाल्याचं कळलं तेव्हा तिने साखर बंद केली आणि दूध वाढवलं. लिप्पूने कधी काही विचारलं नाही.

कारण होतं. चौऱ्याऐंशी साली विटोरिना सव्वीस वर्षांची होती आणि जीन्सच्या कारखान्यात पँटींना खिसे शिवायची. फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये गाण्यांचा महोत्सव झाला. वरच्या क्लबाच्या बँडमास्तरने एक गाणं बांधलं होतं, 'बंदरातला दिवा', आपल्या भाषेतलं. त्याला हवा तसा आवाज वरच्या क्लबात नव्हता, खालच्या क्लबात होता. बँडमास्तरने लाज गुंडाळून ठेवली आणि विटोरिनाच्या वडिलांच्या दारात जाऊन उभा राहिला. महिनाभर दोन्हीकडच्या लोकांनी दोघांनाही नावं ठेवली. मग ती बिनबाह्यांचा निळा ड्रेस घालून उभी राहिली, मागे लिप्पूचं क्लॅरिनेट होतं, आणि गाणं संपल्यावर हॉलमध्ये कुठला क्लब उरला नाही. राजधानी वॅलेटाहून टीव्हीवरचा एक माणूस आला होता. जाताना तो तिला म्हणाला, "आपण जात असतो, तर हेच पाठवलं असतं."

जात असतो, तर. हे वाक्य घेऊन ती घरी आली. तेव्हापासून ते तिच्याजवळच आहे. पुढे गोदीतल्या निनूशी लग्न झालं, दोन मुलगे झाले, गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि आवाज बारीक, खरखरीत झाला. एक्याण्णव साली माल्टा पुन्हा जायला लागला तेव्हा निनू म्हणाला होता, नाव तरी दे. ती त्याच्यावर चिडली होती. निनूला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी चिडायला नको होतं असं तिला अजून वाटतं.

विस्तिनची प्रथा सुरू झाली त्या पहिल्या रविवारी ती चहा गाळायचा तसाच ठेवून खिडकीशी येऊन उभी राहिली होती. शहात्तर निघालं. पुढच्या वर्षी अठ्ठ्याऐंशी. मग ऐंशी, मग एकोणनव्वद. चौऱ्याऐंशीची चिठ्ठी टोपीच्या तळाशी जी बसली ती उठायला तयार नाही. कधी तिला वाटायचं निघावी, कधी वाटायचं न निघालेलीच बरी, कारण निघाली आणि कोणी नावच घेतलं नाही तर पुढे वाट कशाची पाहायची? खालच्या क्लबाला नियमाने तोंड उघडता येणार नव्हतं. बोलायचं झालं तर वरच्या तिघांनी बोलायचं. त्यातल्या दोघांना चौऱ्याऐंशी साली चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. राहता राहिला लिप्पू, आणि चौदा वर्षांत लिप्पूने "साखर कमी" यापलीकडे तिच्याशी शब्द काढला नव्हता.

यंदा टोपीत एकच चिठ्ठी उरली. कुठली ते शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. तरी विस्तिनने टोपी हलवली, डोळे मिटले, हात घातला, चिठ्ठी उघडली आणि कचेरीतल्या आवाजात वाचलं, "एकोणीसशे चौऱ्याऐंशी."

"आश्चर्यच झालं म्हणायचं," झारेन म्हणाला. लोक हसले. विटोरिनाने नळ सोडला आणि धुतलेलेच ग्लास पुन्हा धुवायला घेतले.

झारेनने वॅलेटाच्या एका गायकाचं नाव सुचवलं, ओरेस्ते. त्याची टेपही त्याने मोबाइलवर घालून आणली होती. नियमच होता, गाणं ऐकवल्याशिवाय मत नाही. ओरेस्तेचा आवाज भरदार होता, गाणं बरं होतं. माना हलल्या. विस्तिनने विचारलं, आणखी कोणी? वरच्या क्लबाचे दोघे छताकडे पाहत बसले. विटोरिनाने नळ बंद केला. आता पाण्याच्या आवाजामागेही लपता येत नव्हतं.

लिप्पूने घसा साफ केला. "विटोरिना," तो म्हणाला. "बंदरातला दिवा."

विस्तिनने चष्मा काढून पुसला. या गाण्याची टेप आहे का, त्याने विचारलं. लिप्पू म्हणाला, टेप कोणीच केली नव्हती. मग खुर्चीखाली हात घालून त्याने काळी पेटी वर घेतली. वरच्या क्लबाचं वाद्य खालच्या क्लबाच्या छपराखाली आजवर वाजलं नव्हतं. एरवी कोणी वाजवलं असतं तर हाडं मोडून घरी गेला असता. लिप्पूने क्लॅरिनेट जोडलं, ओठांना लावलं आणि वाजवायला लागला.

पण त्याला येत होता तो फक्त त्याचा भाग. गाण्याची चाल त्याने कधी शिकलीच नव्हती, ती तिची होती. म्हणून तो चार ओळी वाजवायचा आणि थांबायचा, जिथे तिचा आवाज यायचा तिथे. पायाने ताल धरून बसायचा. मग तो पुन्हा वाजवायचा. अशी तीन कडवी झाली. खिडकीआड विटोरिनाचे ओठ हलत होते. आवाज तिने काढला नाही. जो निघाला असता तो तिला त्या जागी नको होता.

"हे ऐकवणं म्हणायचं का?" वरच्या क्लबातल्या एकाने विचारलं.

"मी ऐकलं," विस्तिन म्हणाला. "नियमात तेवढंच आहे."

मग मतं झाली. बारा जण, बारा चिठ्ठ्या, एका मताला बारा गुण. मनातल्या मनात विटोरिनाचा हिशोब झालाच. वरचे तीन म्हणजे छत्तीस. खालच्या नऊ जणांना तिला देता येत नाही, ते ओरेस्तेला देणार, म्हणजे एकशे आठ. तिला वाईट वाटलं नाही. नाव निघालं होतं, मोठ्याने निघालं होतं, माणसांसमोर. माल्टा दुसरा आला त्या दोन्ही रात्री गावाने फटाके उडवलेच होते की.

विस्तिन चिठ्ठ्या उघडू लागला. वरच्या क्लबाच्या तीन आधी. विटोरिना, विटोरिना, विटोरिना. छत्तीस. मग आपल्यांची पहिली उघडली, उलटून पाहिली आणि खाली ठेवली. "कोरी," तो म्हणाला. दुसरी कोरी. तिसरी कोरी. झारेन स्वतः ओरेस्तेची टेप घेऊन आलेला, त्याची चिठ्ठी त्याच्या तेलकट बोटांच्या ठशांवरून ओळखू येत होती, तीही कोरी. नववी खुद्द विस्तिनची. ती त्याने उघडलीच नाही, बाकीच्यांवर तशीच ठेवली.

"ओरेस्ते शून्य," त्याने वहीत लिहिलं. "विटोरिना छत्तीस. नियम कुठेही मोडलेला नाही."

माणसं उठून खिडकीपाशी आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. झारेन एवढंच म्हणाला, की एकोणीस वर्षं भांडी घासताना तू जे गुणगुणतेस ते आम्हाला काय ऐकू येत नव्हतं? हात बांधले होते, काय करणार. लिप्पू क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवत होता. विटोरिनाने त्याचा चहा पुढे सरकवला. तिला त्याचे आभार मानायचे होते, पण तोंडी कधी आले नव्हते असे शब्द शोधावे लागणार होते. त्याने ग्लास उचलला आणि मान हलवली. तेवढ्याने भागलं.

मग तिने एप्रनला हात पुसले. "विस्तिन," ती म्हणाली, "त्या साली कुठे होती रे स्पर्धा?"

"लक्झेंबर्गला. पाच मे, शनिवार," विस्तिन म्हणाला. अशा गोष्टींसाठी त्याला वही लागत नाही.

"तिथे मे महिन्यात थंडी असते?"

हे विस्तिनला माहीत नव्हतं. त्याने लिप्पूकडे पाहिलं, लिप्पूने झारेनकडे. सिसिलीच्या पलीकडे कोणीच गेलेलं नव्हतं.

"संध्याकाळी असत असेल," शेवटी विस्तिन म्हणाला.

"मग शाल न्यावी लागली असती," विटोरिना म्हणाली. "माझ्या ड्रेसला बाह्या नव्हत्या."