लायलची चार वर्षं

लायल डोस्टलला विचारा, "कॉलेजात किती कुस्त्या हरलास?" तो सांगेल, "एकही नाही." मग विचारा, "आणि जिंकलास किती?" तर म्हणेल, "त्याही नाहीत." आमच्या वेस्टफाल गावात हा विनोद तीस वर्षांपेक्षा जास्त काळ चालतोय. धान्याच्या कोठारावर मक्याचा ट्रक घेऊन कुणीही आलं की आधी हे होतं, मग वजन.

यात खोटं काहीच नाही. लायल टॅमरॅक विद्यापीठाच्या संघात चार वर्षं होता आणि चार वर्षांत त्याला एकदाही लढतीसाठी उतरवलं नाही. त्याच्याच वजनगटात वेंडेल क्रूस होता, आणि हा वेंडेल दोनदा देशात पहिला आला. लायलचं काम एवढंच, की दुपारी तीन ते सहा वेंडेलच्या समोर उभं राहायचं आणि त्याला डाव करू द्यायचे. शिष्यवृत्ती नव्हती. फी भरायला तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचा. पदवी घेऊन गावात परतला, ट्रूडीशी लग्न केलं आणि धान्याच्या कोठारावर नोकरीला लागला, तो आजतागायत तिथेच आहे.

मी तिथे ट्रक तोलते, तो धान्याचा ओलावा तपासतो. दहा बाय बाराची खोली, एक हीटर आणि आम्ही दोघं. नवऱ्याबरोबर मी नऊ वर्षं काढली, लायलबरोबर बावीस झाली, तेव्हा माणूस मला पुरता ठाऊक आहे असं मी समजत होते.

आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याला कुस्तीच्या मॅटवर सोडतात. त्यामुळे बारावीच्या वर्षी घरोघर एकच चर्चा असते, कुस्तीसाठी कुठलं कॉलेज काय देतंय. आणि ज्यानं कॉलेजात एकही कुस्ती खेळली नाही त्या लायललाच सगळे विचारायला येतात! ट्रक वजनकाट्यावर उभा ठेवून बाप लोक खिडकीशी वाकतात. "लायल, या कॉलेजाचे सहा जण राष्ट्रीय स्पर्धेला गेले, त्या कॉलेजाचे चारच. काय करू?" लायल विचारतो, "बघायला गेला होतात तेव्हा सराव संपल्यावर मॅट कोण पुसत होतं?" किंवा, "खांदा निखळलेला पोरगा कुठे बसला होता? सगळ्यांत, की एकटा?" बाप वैतागतात. पण घरी जाऊन पोराला तेच विचारतात. एकाला तर त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "तिथे विजेते घडतात हे खरंय. पण तीन वर्षांत वीस पोरं सोडून गेली, त्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत का?"

मग गेल्या वर्षी पाळी माझ्यावर आली.

माझा ग्रेडी एकशे सत्तावन्न पौंडांच्या वजनगटात राज्यात तिसरा आला. पोरगा चांगला आहे, अगदी वरच्या थरातला नाही. आई असून मी हे म्हणू शकते. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. केसलर कॉलेज छोटं, पण साठ टक्के फी माफ आणि पहिल्याच वर्षापासून संघात. दुसरं टॅमरॅक. तिथे नाव मोठं, सरावाला जागा, पैसा शून्य, आणि त्याच्या वजनात देशात दुसरा आलेला डायलन नावाचा पोरगा आधीच बसलेला. त्याची कॉलेजची अजून तीन वर्षं होती. म्हणजे ग्रेडीनं काय करायचं हे आंधळ्यालाही दिसत होतं.

ग्रेडीला दिसत नव्हतं. "मी टॅमरॅकला जाणार," म्हणाला.

"आणि खाणार काय? त्यांचं नाव?"

"काम करीन. लायलनं नाही का केलं?"

झालं! लायल माझा मित्र, चांगला माणूस, पण माझ्या पोरानं लायल व्हावं असं मला वाटत नव्हतं. चार वर्षं दुसऱ्याकडून आपटून घ्यायचं आणि शेवटी गावाचा विनोद होऊन मक्याचा ओलावा मोजायचा? मी हे त्याच्या तोंडावर कधी बोलले नसते. पण वाटत तेच होतं.

ऑक्टोबर होता, ट्रकची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी दोन ट्रकच्या मधे लायलला गाठलं. "ग्रेडीला सांग, की तुला पस्तावा झाला."

"कशाचा?"

"त्या चार वर्षांचा."

"खोटं बोलू?"

"थोडंसं बोल. तुझं काय जातंय?"

लायलनं मक्याचे दाणे तपासणीच्या कपात ओतले आणि आकडा लिहून घेतला. मग म्हणाला, "रोशेल, माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची वर्षं होती."

"डोक्यावर पडला होतास तू."

"कितीतरी वेळा," तो म्हणाला आणि हसायला लागला. मी त्या दिवशी त्याच्याशी पुन्हा बोलले नाही. काट्यावर न बोलता आठ तास काढणं सोपं नसतं, पण मी काढले.

त्याच आठवड्यात गुरुवारी टॅमरॅकचा सहायक कोच आमच्या घरी आला. मी खिमा-राजम्याची चिली आणि सोबत दालचिनीचे रोल केले होते. पोरगेलासा, गोड बोलणारा माणूस. खोटं काही बोलला नाही, हे मला मान्य करावंच लागेल. "आम्हाला डायलनसाठी तगडा जोडीदार हवाय," तो ग्रेडीला म्हणाला. "रोज देशातल्या दुसऱ्या नंबरच्या पैलवानाशी भिडशील तू."

"आणि लढती?" मी विचारलं.

"ते ग्रेडीच्या हातात आहे. पण अनुभव मोठा मिळेल."

"आमच्या बँकेत अनुभव जमा करून घेत नाहीत," मी म्हणाले. तो बिचारा हसला आणि तिसरा रोल उचलला. जाताना संघाची टोपी देऊन गेला. ग्रेडी ती टोपी घालूनच जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला. मी ती त्याच्या डोक्यावरून काढली, त्यानं परत घातली. अशी आमची तीन दिवस लढाई चालली.

रविवारी चर्च सुटल्यावर लायल ग्रेडीजवळ आला. "दुपारी तासभर मोकळा आहेस? शाळेच्या कुस्तीच्या खोलीत ये." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले आणि दाराशी उभी राहिले.

ओरिन नावाचा नववीतला एक पोरगा तिथे होता. कुस्तीत नवा, अंगानं काटकुळा. लायल ग्रेडीला म्हणाला, "हा तासभर पट काढेल, पाय धरून तुला पाडायला बघेल. तू काढू द्यायचास. अडवायचं नाही, आणि पोत्यासारखं पडायचंही नाही. त्याला जेमतेम पेलेल एवढाच जोर लावायचा. त्यानं नीट केलं तरच खाली जायचं."

"एवढंच ना?" ग्रेडी म्हणाला.

पहिले चार-पाच पट बरे झाले. मग ओरिननं एकदा कुठेतरी ढिला हात घातला, आणि ग्रेडीनं काय झालं कळायच्या आत त्याला फिरवलं. "चुकलं," म्हणाला. पुन्हा उभे राहिले. ग्रेडीनं पुन्हा फिरवलं. तोंड लाल झालं होतं त्याचं. बाराव्या मिनिटाला ओरिन चितपट होता, ग्रेडी त्याच्या छातीवर होता, आणि दोघांनाही ते कसं झालं ते सांगता आलं नसतं.

"मला जमत नाही," ग्रेडी म्हणाला. "हात आपोआप जातात."

लायलनं ओरिनला पाणी प्यायला पाठवलं, बूट काढले आणि मोज्यांवर मॅटवर आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. "आता तू काढ पट," तो म्हणाला.

मी लायलला धान्याच्या धुळीत, बर्फात, चर्चच्या बाकावर, सगळीकडे पाहिलं होतं. मॅटवर कधीच पाहिलं नव्हतं. ग्रेडीनं पट काढला, लायल खाली गेला. पुन्हा काढला, लायल गेला. मला वाटलं, यात काय मोठं? मग हळूहळू दिसायला लागलं. ग्रेडीची एक जुनी खोड आहे. पट काढताना त्याचं डोकं खाली जातं. शाळेचा कोच तीन वर्षं त्यावर ओरडून ओरडून थकला. लायल ओरडला नाही, बोललाही नाही. डोकं खाली गेलं की तो नुसता अंगाचा थोडा भार मानेवर टाकायचा आणि पट जड व्हायचा. डोकं वर राहिलं की भार काढून घ्यायचा आणि पट अलगद निघायचा. एवढंच, पण दर वेळी, अगदी तेवढंच. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला ग्रेडीचं डोकं वर होतं, आणि हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"पुन्हा," ग्रेडी म्हणाला. "अजून एकदा, लायल."

चाळीस मिनिटं झाली. शेवटी लायल पाठीवर पडला तो पडूनच राहिला. छत बघत धापा टाकत हसत होता. इतका खूश झालेला माणूस मी खरंच फार कमी वेळा पाहिलाय.

ग्रेडी त्याच्या शेजारी बसला. "तुम्ही हे रोज करत होता?"

"रविवार सोडून."

"जिंकावंसं वाटायचं नाही?"

"वाटायचं की. पहिलं वर्षभर रात्री उशीवर गुद्दे घालायचो. मग वेंडेल अंतिम कुस्तीला उतरला तेव्हा शेवटच्या वीस सेकंदांत त्यानं एक पट काढला. डिसेंबरचा पूर्ण महिना आम्ही दोघांनी तो घोटला होता. मी वर प्रेक्षकांत बसलो होतो, आणि बसल्या जागी माझे हात हलले." लायल उठून बसला. "त्यानंतर उशीला त्रास दिला नाही. आता तू खरं सांग, ग्रेडी. हे काम तुला आवडेल?"

ग्रेडी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"नाही," तो म्हणाला. "मला वेड लागेल."

"मग तिथे जाऊ नकोस. जागा वाईट नाही. पण त्यांना माझ्यासारखा माणूस हवाय, आणि तू तसा नाहीस. तुला स्वतः लढायचंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मला हवं होतं ते झालं होतं. मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण मला लाज वाटली, दुसरं काही नाही. बावीस वर्षं मी समजत होते की या माणसाला काही जमलं नाही म्हणून तो बाजूला राहिला. त्याला जे जमत होतं ते माझ्या पोराला बारा मिनिटंही जमलं नव्हतं. सोमवारी काट्यावर मी त्याच्यासाठी उरलेले रोल घेऊन गेले. "कशाबद्दल?" त्यानं विचारलं. "खा मुकाट्यानं," मी म्हणाले.

नोव्हेंबरात केसलरचा कोच, बार्ट न्यूहाउस, प्रवेशाच्या कागदांवर सही घ्यायला घरी आला. मी लायल आणि ट्रूडीलाही जेवायला बोलावलं होतं. पोर्क चॉप्स होते, मलईत भाजलेला मका होता. न्यूहाउस रांगडा, कमी बोलणारा माणूस. सही झाली, हात मिळवून झाले. मग तो ग्रेडीला म्हणाला, "आमच्याकडून अजून काही हवं असलं तर आत्ताच सांग. नंतर मी कुणाचं ऐकत नाही."

मला वाटलं, बूट मागेल.

"तुमच्याकडे सरावाला लायलसारखं कुणी आहे का?" ग्रेडीनं विचारलं.

न्यूहाउसनं काटा खाली ठेवला आणि लायलकडे पाहिलं. गावचा विनोद त्यानं जेवतानाच ऐकला होता, लायलसारखं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. "एक आहे," तो म्हणाला. "तिसरं वर्ष त्याचं. मी त्याला बोलावलं नव्हतं, शिष्यवृत्तीही नाही त्याला. असा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही, पोरा. तो आपण होऊन येतो, आणि कोण आलंय ते कळायला आम्हालाच दोन वर्षं लागतात. तो गेला तर माझ्या सरावाच्या खोलीतली निम्मी कुस्ती जाईल."

"नाव काय त्याचं?" लायलनं विचारलं.

न्यूहाउसनं एका दमात सांगितलं. नाव, गाव, बापाचा दुधाचा धंदा, पोरगा शिक्षक व्हायला शिकतोय, आणि डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्याच्याशी उजवीकडून बोलावं लागतं. लायलनं मान हलवली. मग म्हणाला, "हे त्याला सांगितलंय का कधी?"

"काय?"

"आत्ता आम्हाला सांगितलंत ते. निम्मी कुस्ती वगैरे."

"नाही," न्यूहाउस म्हणाला. मग खुर्ची मागे सारली, खिशातून फोन काढला आणि अंगावर कोटही न घेता बाहेर गेला. खिडकीतून तो आम्हाला दिसत होता. गाडीभोवती फेऱ्या मारत, मोकळा हात हलवत बोलत होता.

मला राहवलं नाही. "लायल, तुला सांगितलं होतं का कुणी? कधीतरी?"

"हो," लायल म्हणाला. "आत्ताच. ग्रेडीनं."

आणि त्यानं मक्याचं भांडं पुढे ओढलं.